वाळवंटातील जलाशयाचा तळ



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी काहीसा विसंगत वाटेल. वाळवंट म्हटले म्हणजे पाण्याचे दुर्भिक्ष डोळ्यांपुढे उभे राहते, आणि बुडी मारणे म्हटले म्हणजे समुद्र आठवतो. परंतु अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावे नावाच्या वाळवंटात असा एक जलाशय आहे, की ज्याच्या तळाशी पाठीवर हवेच्या टाक्या बांधून पाणबुडे उतरतात, आणि तेथे त्यांना माशांबरोबर इतिहासाचेही दर्शन घडते. ‘लेक मीड’ हे त्या जलाशयाचे नाव. या सरोवराने काय गिळले, गिळलेल्यापैकी काय राखले, आणि आता ते हळूहळू काय परत देत आहे, याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे. मी इतिहासाची संशोधक नव्हे आणि पाणबुडीही नव्हे. परक्या भाषेतील ग्रंथ मराठीत आणणे एवढाच माझा व्यवसाय. त्यामुळे या विषयातील काही शब्दांपाशी मला थांबावे लागले, त्यांचाही उल्लेख ओघाने येईल.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. नेव्हाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवरून कोलोरॅडो नदी वाहते. जवळच असलेल्या लास व्हेगास शहरात वर्षाकाठी सरासरी अवघा चार इंचांच्या आसपास पाऊस पडतो. अशा प्रदेशात नदी हीच सर्वस्व असते. परंतु ही नदी वसंतात बर्फ वितळले की पूर आणी आणि नंतर रोडावून जाई. तिला आवर घालण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने १९२८ मध्ये कायदा संमत केला, १९३१ मध्ये काम सुरू झाले आणि ३० सप्टेंबर १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. आज हूव्हर धरण या नावाने प्रसिद्ध असलेले हे बांधकाम ७२६ फूट उंच असून त्या काळी ते जगातील सर्वांत उंच धरण होते. कामावरील अपघातांत ९६ कामगार मृत्युमुखी पडल्याची अधिकृत नोंद आहे. धरणामागे साठलेल्या पाण्याला एलवुड मीड या अभियंत्याचे नाव देण्यात आले. काठोकाठ भरला असता हा जलाशय शंभर मैलांहून अधिक लांब पसरतो.

एवढे पाणी जेथे पसरले, तेथे पूर्वी काय होते? नकाशावर पाहिले तर बहुधा काही नव्हते असेच वाटावे. वाळवंट म्हणजे ओसाड भूमी, आणि ओसाड भूमी पाण्याखाली गेली तर कोणाचे काय बिघडले, असा त्या काळच्या पुष्कळांचा समज होता. परंतु वाळवंटात वस्ती सर्वत्र विखुरलेली नसते. ती नदीच्या काठाला घट्ट धरून असते. ज्या चिंचोळ्या पट्ट्यात माणूस जगू शकतो, नेमका तोच पट्टा धरणाच्या पाण्याखाली जातो. म्हणून वाळवंटातील जलाशयाखाली क्षेत्रफळाच्या मानाने इतिहास अधिक सापडतो. ईजिप्तमध्ये आस्वानच्या धरणामुळे नुबियाचे हेच झाले. तेथे १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची मंदिरे कापून उंचावर नेण्यात आली, ही हकिगत आपल्याला ठाऊक आहे. लेक मीडच्या वाट्याला तसा जागतिक गाजावाजा आला नाही.

लेक मीडच्या उत्तरेकडील फाट्यात मडी आणि व्हर्जिन या दोन लहान नद्या येऊन मिळतात. मडी नदीच्या खोऱ्यात प्राचीन काळी प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांची वस्ती होती. हे लोक मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत, मातीदगडांची घरे बांधीत आणि जवळच्या खाणींतून मीठ काढीत. इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी हे खोरे सोडले. १९२४ मध्ये ओव्हरटन गावच्या दोघा भावांनी राज्यपाल जेम्स स्क्रगॅम यांना या अवशेषांची वार्ता दिली आणि मार्क रेमंड हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने उत्खननास आरंभ केला. तेथे जे उजेडात आले त्याला वृत्तपत्रांनी ‘हरवलेले शहर’ असे नाव दिले. वस्तुतः ते एक शहर नव्हते. नदीकाठी मैलोगणती विखुरलेल्या वस्त्यांची ती मालिका होती. त्यांतील एका घराला तर शंभराच्या जवळपास खोल्या होत्या. पुढे धरणाचे काम सुरू झाले आणि उत्खननाला घाईचे रूप आले. पाणी चढण्यापूर्वी जेवढे हाती लागेल तेवढे बाहेर काढावयाचे, अशी ती धावपळ होती. १९३५ मध्ये ओव्हरटन येथे त्या वस्तूंसाठी संग्रहालय उभारण्यात आले, ते आजही आहे. परंतु मातीच्या भिंती संग्रहालयात नेता येत नाहीत. त्या जागच्या जागी राहिल्या आणि पाण्यात विरघळून गेल्या. त्यानंतर या खोऱ्यात राहात आलेल्या दक्षिण पायूट लोकांची राखीव भूमी आजही तेथेच, नदीच्या वरच्या अंगाला आहे. या खोऱ्याच्या इतिहासात त्यांचे स्थान पाहुण्यांचे नाही, हे विसरता कामा नये.

दुसरी कथा सेंट थॉमस या गावाची. १८६५ मध्ये मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी ते वसविले. आपण यूटा प्रदेशात किंवा ॲरिझोनात आहोत अशी त्यांची समजूत होती. परंतु १८७० मधील मोजणीत गाव नेव्हाडा राज्यात असल्याचे ठरले, आणि त्या राज्याने मागील वर्षांचा कर नाण्यांच्या स्वरूपात मागितला. शेतमालाच्या देवघेवीवर जगणाऱ्या या लोकांजवळ नाणी कोठून असणार? १८७१ मध्ये बहुतेक सर्वांनी गाव सोडले. मागे राहिले ते बोनेली नावाचे एक कुटुंब. पुढे १८८० नंतरच्या दशकात नव्या माणसांनी घरे पुन्हा वसविली, १९१२ मध्ये रेल्वेचा फाटा आला, शाळा, हॉटेल, टपालकचेरी आणि आइस्क्रीमचे दुकानही झाले. म्हणजे कागदावरच्या एका रेषेने हे गाव एकदा उठले होते. दुसऱ्यांदा ते उठले पाण्याच्या रेषेने. सरकारने घरे व जमिनी विकत घेतल्या, कबरी उकरून ओव्हरटनला नेल्या, आणि लोक पांगले. ह्यू लॉर्ड नावाचा रहिवासी मात्र पाणी येथवर येणार नाही असे म्हणत राहिला. ११ जून १९३८ रोजी पाणी दाराशी आले तेव्हा त्याने घराला आग लावली आणि नावेत बसून तो निघून गेला, असे सांगतात. पाचच दिवसांनी, १६ जूनला, टपालकचेरीचा शेवटचा शिक्का उमटला. त्यानंतर गावावर साठ-सत्तर फूट पाणी उभे राहिले.

तिसरी गोष्ट धरणाचीच. हूव्हर धरणासाठी लागणारी वाळू आणि खडी वेगवेगळ्या आकारांनुसार निवडण्यासाठी नदीकाठी एक प्रचंड कारखाना उभारला होता. तेथून आगगाडीने तो माल काँक्रीट मिसळण्याच्या ठिकाणी जाई. काम संपले आणि ज्या धरणासाठी हा कारखाना राबला, त्याच धरणाच्या पाण्याने त्याला झाकून टाकले. त्याची काँक्रीटची बांधकामे हे आज पाणबुड्यांचे आवडते स्थळ आहे. धरण पाहावयास लाखो लोक येतात. धरण घडविणाऱ्या श्रमाची ही खूण पाहावयाची तर मात्र पाण्यात उतरावे लागते.

चौथी वस्तू आकाशातून आली. २१ जुलै १९४८ रोजी अमेरिकन हवाई दलाचे एक बी-२९ जातीचे चार इंजिनांचे विमान वातावरणाच्या वरच्या थरांतील किरणांविषयी प्रयोग करून परतत होते. सूर्याच्या आधाराने क्षेपणास्त्राला दिशा देता येईल काय, या गुप्त संशोधनाशी त्या प्रयोगाचा संबंध होता. ३० हजार फुटांवरून खाली उतरून ते सरोवरावरून अगदी कमी उंचीने उडू लागले. त्या दिवशी पाणी आरशासारखे निश्चल होते; अशा वेळी वैमानिकाला पृष्ठभाग नेमका कोठे आहे हे समजणे फार कठीण असते. ताशी २०० मैलांहून अधिक वेगाने विमान पाण्याला घासले आणि तीन इंजिने तुटून पडली. तरीही ते पाण्यावर टेकले, आणि आतील पाचही जण रबरी होड्यांत उतरून वाचले. विमान त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले. २००१ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने खासगी शोधकांनी ते हुडकून काढले. त्याची मालकी कोणाची, यावर न्यायालयात वाद झाला. अखेर ते राष्ट्राच्या मालकीचे ठरून राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात राहिले.

आता पाणबुड्यांकडे वळू. ‘स्क्यूबा’ हा शब्द मुळात इंग्रजी आद्याक्षरांचा बनलेला आहे; पाण्याखाली श्वसनासाठी लागणारे, स्वतःपुरते पूर्ण असे उपकरण, असा त्याचा अर्थ. १९४३ मध्ये फ्रान्सच्या जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारी झडप सिद्ध केली, आणि वरून नळीने हवा पुरविण्याची गरज संपली. मराठीत मी ‘पाणबुड्या’ हा जुना शब्दच वापरते. यंत्राला ‘पाणबुडी’ आणि माणसाला ‘पाणबुड्या’ असा भेद आपल्या भाषेने सहजगत्या केलेला आहे. नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. स्त्री पाणबुड्यांसाठी मात्र भाषेला अद्याप थोडे पोहावे लागेल.

वाळवंटातील जलाशयात बुडी मारण्याचे नियम समुद्राहून काहीसे निराळे आहेत. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. या दाबामुळे हवेतील नत्रवायू रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे त्याचे बुडबुडे होतात, आणि सांधेदुखीपासून मृत्यूपर्यंत काहीही संभवते. म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागते. हे टप्पे ठरविणारी कोष्टके समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबावर बेतलेली असतात. लेक मीडचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून उंच असल्याने तेथे वरच्या हवेचाच दाब कमी पडतो, आणि कोष्टकात दुरुस्ती करावी लागते. शिवाय गोड्या पाण्यात शरीर खाऱ्या पाण्याइतके तरंगत नाही, म्हणून कमरेचे वजन निराळे ठेवावे लागते. वर उन्हाळ्यात अंग भाजणारे ऊन असते. परंतु काही खोलीवर पाण्याचा उबदार थर संपून थंड थर एकाएकी लागतो. शंभर फुटांखाली गेल्यावर नत्रवायूमुळे गुंगी चढू लागते आणि साधे निर्णयही चुकतात. तळाला तर बारीक गाळ असतो. पायाचा एक फटकारा बसला की तो उसळतो, आणि समोरची भिंत दिसेनाशी होते. म्हणून या स्थळांना भेट देणाऱ्याची खरी कसोटी धैर्याची नसून संयमाची असते. हात न लावता, गाळ न ढवळता, आत न शिरता पाहावयाचे. विमानाच्या बाबतीत तर हा नियमच आहे. २००७-०८ च्या सुमारास आणि पुन्हा २०१५ पासून परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच तेथे उतरण्याची मुभा देण्यात आली.

येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. पाण्याखाली गेलेले अवशेष सुरक्षित राहतात, की नष्ट होतात? बराच काळ असे मानले जाई, की पाणी म्हणजे एक प्रकारची तिजोरी. आज बुडाले ते उद्याच्या संशोधकांसाठी शिल्लक राहील. धरणे बांधणाऱ्यांना हे मत सोयीचे होते. १९७५ ते १९८० या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने इतर सरकारी खात्यांच्या सहकार्याने याचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. डॅनियल लेनिहान यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्वज्ञ स्वतः पाणबुडे होऊन जलाशयांत उतरले. त्यांच्या अभ्यासाने तिजोरीची कल्पना टिकू दिली नाही. खोल, स्थिर पाण्यात गाळाखाली गाडली गेलेली वस्तू पुष्कळ अंशी टिकते, हे खरे. परंतु जेथे पाण्याची पातळी वर-खाली होते, त्या काठच्या पट्ट्यात लाटांचा मारा, भिजणे-वाळणे आणि मातीची धूप यांमुळे होणारा नाश फार मोठा असतो. शिवाय पाणी सर्वांना सारखे वागवीत नाही. मातीच्या विटा विरघळतात, काँक्रीट उरते. लाकूड काही ठिकाणी टिकते, भिंतीचा गिलावा गळतो. म्हणजे मागे काय उरेल हे त्या वस्तूच्या ऐतिहासिक मोलावर ठरत नाही, तर ती कशाची बनली आहे यावर ठरते. प्वेब्लो लोकांची मातीची घरे गेली आणि खडीच्या कारखान्याचे पाये राहिले, याचे कारण हेच.

त्यात जानेवारी २००७ मध्ये एका नव्या शत्रूची भर पडली. क्वागा नावाचे, नखाएवढे शिंपले लेक मीडमध्ये आढळले. मूळचे ते युक्रेनमधील नीपर नदीच्या प्रदेशातील; जहाजांबरोबर ते अमेरिकेत आले आणि तेथून होड्यांना चिकटून वाळवंटापर्यंत पोहोचले. कठीण पृष्ठभाग मिळेल तेथे ते थरावर थर देतात. बी-२९ विमानाच्या पंखांवरही त्यांनी वस्ती केली आहे.

परंतु या जलाशयावरील सर्वांत मोठे संकट पाणी चढण्याचे नाही, ते उतरण्याचे आहे. १९८३ मध्ये लेक मीड इतका भरला होता, की सांडव्यांवरून पाणी सोडावे लागले. २००० पासून कोलोरॅडोच्या खोऱ्यात दीर्घ अवर्षण सुरू झाले. जुलै २०२२ पर्यंत पातळी सुमारे १७० फुटांनी घसरली, आणि जलाशय भरल्यापासूनची ती सर्वांत नीचांकी पातळी ठरली. त्यानंतर ती थोडी सावरली, परंतु पूर्वीची उंची तिला गाठता आली नाही. दोष एकट्या आकाशाचा नाही. १९२२ च्या करारात राज्यांनी नदीचे पाणी वाटून घेतले, तेव्हा हिशेबात धरलेली वर्षे नेहमीपेक्षा अधिक पावसाची होती. म्हणजे नदीत नसलेले पाणीही वाटले गेले. शिवाय एवढा विस्तीर्ण जलाशय वाळवंटातील उन्हात वर्षाला सुमारे सहा फूट पाणी नुसते हवेला देतो. आज सुमारे चार कोटी माणसे या नदीवर अवलंबून आहेत.

पाणी उतरले तसा इतिहास वर आला. सेंट थॉमस पूर्वीही १९४५ मध्ये आणि १९६० नंतरच्या दशकात अल्पकाळ उघडे पडले होते. २००२ पासून मात्र ते उघडेच आहे. तेथे जावयास आता हवेची टाकी नको, पायवाट आहे. शाळेच्या पायऱ्या, हॉटेलचा पाया, आइस्क्रीमच्या दुकानाचे धुराडे, पाण्याचे हौद आणि रस्त्याच्या कडेने ओळीत उभे असलेले झाडांचे बुंधे दिसतात. विमानावरचे पाणी शोध लागल्यापासून शंभरभर फुटांनी कमी झाले. जे केवळ निष्णात पाणबुड्यांना गाठता येई, ते सामान्य प्रशिक्षण घेतलेल्यांच्या आवाक्याजवळ आले. प्रवाशांना याचे कुतूहल वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु हे दर्शन फुकटचे नाही. गावाचे धुराडे जितके उघडे दिसते, तितके शहरांचे आणि शेतांचे पाणी आटलेले असते. आणि आपण आताच पाहिले, की अवशेषांना सर्वांत अधिक इजा होते ती पाणी सोडून जातानाच.

आपल्या देशालाही हा अनुभव नवा नाही. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणाआधी नागार्जुनकोंड्याचे उत्खनन करून अवशेष उंच टेकडीवर हलविण्यात आले. ती टेकडी आता बेट आहे. भीमेवरील उजनी जलाशयात पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की दिसू लागते. या अनुभवातून मराठीने काही शब्द घडविले आहेत. इंग्रजीत सेंट थॉमसला ‘भुतांचे गाव’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ते नाव मराठीत आणताना माझे मन धजले नाही. भूत म्हटले की माणसे मेली असा अर्थ होतो. येथे माणसे मेली नव्हती, त्यांना उठविले होते. आपल्याकडे ‘धरणग्रस्त’ हा शब्द आहे, आणि त्यात कोणावर काय गुजरले हे स्पष्ट सांगितले आहे. दुसरा शब्द ‘बुडीत’. पाण्याखाली जाणारे ते बुडीत क्षेत्र, आणि कधीच परत न येणारे ते बुडीत कर्ज. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात.

लेक मीडच्या तळाकडे पाहताना या दोन अर्थांत भेद करावयास शिकले पाहिजे, असे मला वाटते. जे पाण्याखाली गेले ते सारेच दुसऱ्या अर्थाने बुडीत नव्हते. त्यातील काही मोजले गेले, लिहिले गेले, संग्रहालयात आले. काही गाळाखाली वाट पाहात राहिले. मात्र जे बुडण्यापूर्वी कोणी नोंदविले नाही आणि जे मातीचे होते, ते खरोखरीच बुडीत खात्यात गेले, आणि कोणत्याही अवर्षणात ते वर येणार नाही. म्हणून पाणी सोडण्याआधी तेथे काय आहे, कोणाचे आहे, हे शांतपणे विचारण्याचे आणि लिहून ठेवण्याचे काम धरणाच्या भिंतीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. पाणबुड्या तळाशी जाऊन उरलेले पाहू शकतो. गेलेले पाहण्याची शक्ती त्याच्याजवळ नाही. ती शक्ती फक्त वेळेवर केलेल्या नोंदींत असते, आणि अशा नोंदी जपण्याचे काम आपल्यासारखी ग्रंथालये करीत असतात.